वेचणाऱ्या हाताचा पुढचा अंदाज : यंत्रासाठी हाताच्या हालचालीचे प्रारूप कसे तयार करावे

कापूस वेचणाऱ्या बाईच्या शेजारून कपाशीच्या ओळीओळीने सरकणारी, तिच्या ओटीतला कापूस भरत आला की तो स्वतःच्या पेटीत घेणारी आणि धुऱ्यापर्यंत, म्हणजे वावराच्या बांधापर्यंत, वाहून नेणारी एखादी छोटी यंत्रगाडी तयार करावी, असा विचार घेऊन आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील विद्यार्थी अधूनमधून माझ्याकडे येतात. त्यांचा पहिला प्रश्न चाकांविषयी असतो आणि दुसरा बॅटरीविषयी. त्या बाईचा हात पुढच्या क्षणी कुठे असेल, हा प्रश्न मात्र बहुधा सर्वांत शेवटी येतो, आणि खरे काम तर त्याच प्रश्नापाशी अडते. कारण ओटीजवळ येणारा यंत्राचा हात आणि बोंडावरून ओटीकडे परतणारा माणसाचा हात एकाच जागी, एकाच वेळी पोहोचू शकतात. या विषयात नव्याने उतरणाऱ्यांसाठी हा लेख आहे. त्यासाठी बारावीपर्यंतचे गणित, थोडीफार पायथनची ओळख आणि एक बरा मोबाईल एवढे पुरेसे आहे.

अंदाजाची गरज का पडते, ते आधी आकड्यांत पाहू. सेकंदाला ३० चित्रे घेणारा कॅमेरा दर ३३ मिलिसेकंदांनी एक चित्र देतो. त्या चित्रातून हात ओळखण्यास वेळ लागतो, निर्णय मोटारीपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो आणि चालते यंत्र थांबण्यास सर्वांत जास्त वेळ लागतो. हा सगळा विलंब ०.३ सेकंद धरला आणि हात सेकंदाला १ मीटर वेगाने जात असला, तर यंत्र थांबेपर्यंत तो ३० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. कारखान्यांतील यंत्रांची सुरक्षित अंतरे ठरवणाऱ्या आयएसओ १३८५५ या मानकाच्या २०१० च्या आवृत्तीत जवळच्या अंतरासाठी हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरलेला आहे. त्या हिशेबाने हेच अंतर ६० सेंटिमीटर होते. म्हणजे हात आत्ता कुठे आहे एवढेच पाहणारे यंत्र नेहमीच मागे राहते.

पहिली पायरी : कॅमेरा न उघडता पाहणे

पहिला दिवस केवळ पाहण्यासाठी द्यावा. सीतादही, म्हणजे वेचणीच्या मुहूर्ताची पूजा, होऊन पहिला वेचा सुरू झाला, की सकाळी वावरात जावे आणि एकाच बाईचा एकच हात दहा मिनिटे लक्ष देऊन पाहावा. वेचणे ही सलग क्रिया वाटते, पण पाहता पाहता तिचे तुकडे दिसू लागतात. हात बोंडाकडे जातो. जाता जाताच बोटे एकत्र येऊन टोकदार होतात. बोंडाजवळ हात मंदावतो, कारण सुकलेल्या बोंडाची टोके नखांच्या मुळाशी लागतात आणि वाळक्या पानाचा चुरा कापसाला चिकटू द्यायचा नसतो. मग एका ओढीत सगळ्या पाकळ्यांतला कापूस बाहेर येतो. यानंतर हात लगेच ओटीकडे जात नाही. मुठीत आहे तो कापूस तळव्याशी दाबून धरून तीच बोटे पुढच्या बोंडाकडे वळतात, आणि मूठ भरल्यावरच हात कमरेकडे परततो.

हे तुकडे वहीत लिहून त्यांना नावे द्यावीत : बोंडाकडे, ओढ, बोंडाहून बोंडाकडे, ओटीकडे, आणि ‘इतर’. ‘इतर’मध्ये घाम पुसणे, डोक्यावरचा रुमाल सावरणे, शेजारणीला हाताने खूण करणे असे सगळे येते. नवखे लोक हा शेवटचा गट गाळून टाकतात. तो गाळू नये. यंत्राची फसगत नेमकी तिथेच होते.

याच पाहणीत एका वेचणाऱ्या काकूंना मी विचारले होते, की पुढचे बोंड तुम्ही कधी ठरवता. त्या हात न थांबवता म्हणाल्या, “डोया आंधी जाते बापू, हात मंग जाते.” प्रयोगशाळांतील मोजणीही हेच सांगते : वस्तू घेण्यासाठी हात निघण्याच्या आधीच नजर सहसा त्या वस्तूवर पोहोचलेली असते. काकूंचे हे वाक्य सहाव्या पायरीत आपल्या उपयोगी पडणार आहे.

दुसरी पायरी : हाताचा सांगाडा कागदावर मांडणे

खांद्यापासून मनगटापर्यंत हाताला साधारणपणे सात स्वतंत्र वळणे मोजतात : खांद्याची तीन, कोपराचे एक, पुढचा हात पिळण्याचे एक आणि मनगटाची दोन. तळवा अवकाशात एका ठरावीक जागी, एका ठरावीक दिशेने ठेवण्यास मात्र सहाच आकडे लागतात. उरलेले एक वळण मोकळे राहते. याचा अनुभव घ्यायचा असेल तर तळवा भिंतीला टेकवावा, खांदा स्थिर ठेवावा आणि कोपर वर-खाली फिरवून पाहावे. तळवा जागचा न हलता कोपर फिरते. एकच बोंड गाठण्याच्या असंख्य रीती हाताला उपलब्ध असतात, त्या याच मोकळेपणामुळे.

रशियन शरीरशास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाईन यांनी १९२० च्या दशकात मॉस्को येथे हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हालचाली चित्रित केल्या, तेव्हा त्यांना आढळले की सांध्यांची वळणे दर घावाला थोडी बदलतात, पण हातोड्याचे टोक बरेच एकसारखे चालते. नवख्याने यातून व्यवहाराची गोष्ट घ्यावी ती अशी, की सुरुवात सांध्यांच्या कोनांपासून न करता मनगटाच्या वाटेपासून करावी. कोपर नंतर जोडता येते.

हाडांच्या लांबीसाठी टेप घेऊन कोणाला मोजत बसण्याची गरज नाही. मानवी हालचालींच्या अभ्यासात सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रमाणांनुसार खांदा ते कोपर हे अंतर उंचीच्या ०.१८६ पट, कोपर ते मनगट ०.१४६ पट आणि तळवा बोटांसह ०.१०८ पट धरतात. १५० सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी ही अंतरे अनुक्रमे सुमारे २८, २२ आणि १६ सेंटिमीटर येतात. कॅमेऱ्याने काढलेला पुढचा हात एखाद्या चित्रात ३० सेंटिमीटर भरला, तर ते चित्र चुकले आहे हे या आकड्यांवरून लगेच ओळखता येते.

तिसरी पायरी : चित्रण

चित्रणाआधी परवानगी घ्यावी, आणि ती नीट समजावून घ्यावी. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. आपल्या कॅमेऱ्यासाठी कोणी अर्धा तास थांबले, तर तेवढा कापूस तिच्या वजनातून कमी होतो. तेव्हा त्या वेळेचे पैसे द्यावेत आणि चेहरा नको असेल तर कॅमेरा गळ्याखाली लावावा. हे शिष्टाचारापुरते सांगत नाही. संकोचलेला हात वेगळा चालतो आणि त्याची नोंद निरुपयोगी ठरते.

तांत्रिक बाजू अशी. मोबाईल तिपाईवर किंवा रोवलेल्या काठीवर घट्ट बांधावा, सेकंदाला ६० चित्रांवर ठेवावा, आणि उजेडाचे व फोकसचे आपोआप बदलणे बंद करावे. दुपारच्या उन्हात पांढरा कापूस चित्रात निव्वळ पांढरा डाग होऊन बसतो, म्हणून सकाळची वेळ घ्यावी. मीटरपट्टी किंवा खुणा केलेली काठी चौकटीत उभी ठेवावी, म्हणजे चित्रातील ठिपक्यांचे सेंटिमीटर करता येतात. एकाच मोबाईलवरून खोलीचा अंदाज कच्चा येतो. दोन मोबाईल सुमारे काटकोनात लावले आणि सुरुवातीला एकदा टाळी वाजवून दोन्ही चित्रफिती त्या आवाजावर जुळवल्या, तर पहिल्या प्रयोगास पुरेशी त्रिमितीय वाट मिळते.

चित्रातून सांधे शोधण्यासाठी गूगलचे मीडियापाईप हे विनामूल्य साधन नवख्यांना सोयीचे आहे. ते शरीरावर ३३ खुणा देते. उजवा खांदा १२, उजवे कोपर १४ आणि उजवे मनगट १६ या क्रमांकावर मिळते. आमच्या वावरात मात्र एक अडचण हमखास येते. ओरखडे लागू नयेत म्हणून बाया लुगड्यावर घरच्या पुरुषाचा जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात. तो इतका सैल असतो, की कोपर नेमके कुठे आहे हे माणसालाही सांगता येत नाही, आणि कापडाची घडी हलली की साधनाने दिलेले कोपर चार-पाच सेंटिमीटर उडी मारते. यावर मला सापडलेला उपाय साधा आहे : मनगटावर आणि कोपरावर बाहीवरूनच गडद रंगाची कापडी पट्टी सैलसर बांधावी आणि रंगावरून ती शोधावी.

वेचणीचा हंगाम नसेल, तर वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे झाड, आणून सपरीत एका फळीवर ठोकावी, तिला कापसाचे गोळे लावावेत आणि तिथे सराव करावा. अशा नोंदी शिकण्यास उपयोगी पडतात. वावरातील नोंदींची जागा त्या घेत नाहीत.

चौथी पायरी : नोंदी स्वच्छ करणे

मनगटाची जागा ५ मिलिमीटरने जरी इकडेतिकडे थरथरत असली, तरी सेकंदाला ६० चित्रांच्या हिशेबाने त्यातून सेकंदाला ३० सेंटिमीटरचा खोटा वेग निर्माण होतो. वेगाचा पुन्हा वेग काढला, म्हणजेच त्वरण काढले, तर आलेखात गवताशिवाय काही दिसत नाही. म्हणून आधी गाळणी, म्हणजे नोंदीतली खोटी थरथर काढून टाकणारी गणिती रीत (फिल्टर), लावावी. हाताच्या नेहमीच्या हालचालींसाठी सुमारे ६ हर्ट्झची बटरवर्थ गाळणी ही चांगली सुरुवात आहे.

येथे एक सापळा आहे. संगणकावर ही गाळणी बहुधा पुढून आणि मागून अशी दोनदा फिरवतात, त्यामुळे आलेख सरकत नाही. पण मागून फिरवण्यासाठी पुढच्या क्षणांच्या नोंदी हाताशी असाव्या लागतात, आणि प्रत्यक्ष चालत्या यंत्राजवळ त्या नसतात. अभ्यासासाठी दुहेरी गाळणी खुशाल वापरावी. अंदाजाची परीक्षा मात्र फक्त मागच्या नोंदी वापरणाऱ्या गाळणीवरच घ्यावी. पुढच्या टप्प्यावर काल्मन गाळणी शिकून घ्यावी. रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये मांडलेली ही पद्धत जागा आणि वेग यांचा अंदाज तर देतेच, शिवाय त्या अंदाजावर किती भरवसा ठेवावा हेही सोबत सांगते.

पाचवी पायरी : पहिले प्रारूप

स्वच्छ केलेल्या नोंदीतून बोंडाकडे जाणारा एक तुकडा काढावा आणि वेगाचा आलेख आखावा. शून्यापासून चढून, मध्याजवळ शिखर गाठून पुन्हा शून्याकडे उतरणारी, घंटेसारखी आकृती दिसते. पिएत्रो मोरासो यांनी १९८१ मध्ये टेबलावर हात एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूकडे नेण्याच्या प्रयोगांत हीच आकृती आणि जवळजवळ सरळ वाट नोंदवली. १९८५ मध्ये तामार फ्लॅश आणि नेव्हिल होगन यांनी तिचे गणित मांडले : त्वरण ज्या दराने बदलते त्याला झटका म्हणू, आणि हात जणू असा चालतो की संपूर्ण वाटेवरचा झटका कमीत कमी व्हावा.

त्यातून निघणारे सूत्र सोपे आहे. झालेल्या वेळेचा एकूण वेळेतील हिस्सा ‘व’ मानावा. ‘व’च्या तिसऱ्या घाताची १० पट घ्यावी, तीतून चौथ्या घाताची १५ पट वजा करावी आणि पाचव्या घाताची ६ पट मिळवावी. येणारे उत्तर म्हणजे कापलेल्या अंतराचा हिस्सा.

एक उदाहरण हातानेच सोडवून पाहावे. बोंड ४० सेंटिमीटर दूर आहे आणि हाताला तिथे पोहोचण्यास ०.८ सेकंद लागतात. सरासरी वेग सेकंदाला ५० सेंटिमीटर झाला. सूत्राप्रमाणे ३० टक्के वेळ संपली तेव्हा हाताने केवळ १६ टक्के अंतर, म्हणजे साडेसहा सेंटिमीटर कापलेले असते. निम्म्या वेळेला तो बरोबर २० सेंटिमीटरवर असतो आणि त्या क्षणी त्याचा वेग सरासरीच्या १.८७५ पट, म्हणजे सेकंदाला जवळपास ९४ सेंटिमीटर असतो. आता ‘आत्ता आहे तोच वेग पुढेही राहील’ असे मानणारे साधे यंत्र या मध्याच्या क्षणी पुढच्या ०.४ सेकंदांचा अंदाज करू लागले, तर ते हात साडेसत्तावन्न सेंटिमीटरवर दाखवेल. खरा हात ४० वर बोंडापाशी थांबलेला असेल. साडेसतरा सेंटिमीटरची ही चूक हात थांबणार आहे हे ठाऊक नसल्यामुळे झाली, आणि सूत्र नेमके तेच ठाऊक करून देते.

या सूत्राच्या मर्यादाही पहिल्याच दिवशी लिहून ठेवाव्यात. ते वाट सरळ मानते. वावरात हात फांदीला वळसा घालतो. ते चढ आणि उतार सारखे मानते. नाजूक जागी जाणारा हात उतरताना जास्त वेळ घेतो, म्हणून घंटेचे शिखर अलीकडे सरकते. आणि लागणारा एकूण वेळ ते स्वतः सांगत नाही. त्यासाठी पॉल फिट्स यांचा १९५४ चा नियम घ्यावा : अंतराच्या दुपटीला लक्ष्याच्या रुंदीने भागून त्याचा दोन पायाचा लॉगरिदम काढला, की वेळ त्या आकड्याच्या सरळ प्रमाणात वाढतो. ४० सेंटिमीटरवरच्या ५ सेंटिमीटर रुंद बोंडासाठी हा आकडा ४ येतो, अर्धवट फुटलेल्या अडीच सेंटिमीटरच्या बोंडासाठी ५. प्रमाणाचे स्थिरांक पुस्तकातून न घेता आपल्याच नोंदींवरून काढावेत.

सहावी पायरी : कोणते बोंड?

सूत्राला शेवटचा बिंदू लागतो आणि यंत्राला तोच माहीत नसतो. झाडावर हाताच्या टप्प्यात तीन फुटलेली बोंडे आहेत असे समजू. सुरुवातीला प्रत्येकाची संभाव्यता एक तृतीयांश. हात थोडा हलला. प्रत्येक बोंडासाठी सूत्राची वाट आखून प्रत्यक्ष हात तिच्याशी किती जुळतो ते पाहिले आणि जुळणीचे गुण ०.६, ०.३ आणि ०.१ आले. पुढच्या टप्प्यावर पुन्हा तसेच गुण आले. दोन्ही वेळच्या गुणांचा गुणाकार करून तिन्ही उत्तरांची बेरीज १ होईल अशा प्रमाणात ती मांडली, की पहिल्या बोंडाची संभाव्यता सुमारे ७८ टक्के, दुसऱ्याची २० आणि तिसऱ्याची २ टक्के होते. थॉमस बेज यांच्या नियमाचा हा सर्वांत साधा वापर आहे, आणि अर्ध्या पानाच्या प्रोग्रॅममध्ये बसतो.

दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. लागोपाठची चित्रे एकमेकांसारखीच असतात, त्यांतले प्रत्येक चित्र नवा पुरावा म्हणून मोजले तर यंत्राला फाजील खात्री वाटू लागते. त्यामुळे काही चित्रे सोडून एक घ्यावे. आणि तीन बोंडांसोबत ओटी व ‘इतर’ यांनाही संभाव्यतेतला वाटा द्यावा. रुमाल सावरण्यासाठी निघालेला हात कोणत्याच बोंडाच्या वाटेशी जुळत नाही, तेव्हा ‘इतर’चा वाटा वाढावा आणि यंत्राने मागे सरावे.

काकूंचे वाक्य येथे वापरावे. नजर मोजणारी उपकरणे महाग असतात, पण परवानगी असल्यास डोके कोणत्या बाजूला वळले आहे एवढे साध्या कॅमेऱ्यालाही कळते, आणि त्यावरून सुरुवातीचे समान वाटे थोडे कमी-जास्त करता येतात. हात निघण्याआधीच मिळणारी ही खूण आहे.

सातवी पायरी : शिकणारी प्रारूपे, आणि परीक्षा

न्यूरल नेटवर्ककडे, म्हणजे भरपूर नोंदींतून स्वतः शिकणाऱ्या प्रारूपाकडे, वळण्याची घाई मी मुद्दामच इथवर थोपवून धरली. २०१७ मध्ये मार्टिनेझ, ब्लॅक आणि रोमेरो यांनी दाखवून दिले, की माणूस आहे त्याच स्थितीत राहील असे मानणारा अगदी साधा अंदाज थोड्या अवधीसाठी त्या काळच्या गाजलेल्या नेटवर्कांच्या बरोबरीने, काही ठिकाणी त्यांच्यापेक्षा सरस ठरतो. म्हणून आपल्या प्रत्येक प्रारूपाशेजारी तीन साधे अंदाज उभे करावेत : हात जागीच राहील, आहे तोच वेग राहील, आणि पाचव्या-सहाव्या पायरीचे सूत्र. या तिन्हींना हरवत नसलेल्या नेटवर्कवर वीज खर्च करू नये. मधला मार्ग हवा असल्यास २०१३ मध्ये मांडलेली संभाव्य हालचालींची प्रारूपे, म्हणजे प्रोएमपी, पाहावीत. थोड्या नोंदींतूनही ती सरासरी वाट आणि तिच्या भोवतीचा पसारा शिकतात.

परीक्षेच्या बाबतीत माझ्या हातून झालेली चूक सांगतो. सगळी चित्रे एकत्र मिसळून त्यांतली काही शिकवण्यासाठी आणि काही परीक्षेसाठी मी काढली होती. एकाच हालचालीची शेजारची चित्रे दोन्हीकडे गेली, त्यामुळे यंत्राची परीक्षा त्याने आधीच पाहिलेल्या प्रश्नांवर झाली. घरी गुण उत्तम मिळाले; वावरात नवी बाई समोर आली आणि अंदाज कोलमडला. तेव्हापासून मी एका बाईच्या सर्व नोंदी बाजूला ठेवतो, इतरांवर शिकवतो आणि तिच्यावर तपासतो, आणि हे प्रत्येकीसाठी पुन्हा करतो. चूक सेंटिमीटरमध्ये, ०.१, ०.२, ०.४ आणि ०.८ सेकंद पुढच्या अंदाजासाठी वेगवेगळी लिहावी. सरासरीबरोबर सर्वांत मोठी चूकही लिहावी, कारण इजा सरासरी चुकीने होत नाही.

आठवी पायरी : यंत्राच्या हाती देताना

यंत्राला एक बिंदू देऊ नये. पुढच्या ०.४ सेकंदांत हात ज्या भागात असू शकतो तो सगळा पसारा द्यावा, आणि पसारा मोठा असेल तेव्हा यंत्राने आपोआप सावकाश व्हावे अशी रचना करावी. अंदाजाचा उपयोग काम सुरळीत होण्यासाठी करावा. सुरक्षिततेचा भार त्यावर टाकू नये. थांबवण्याचे बटण, मोटारीच्या बळाची मर्यादा आणि किमान अंतराची अट या गोष्टी अंदाज पूर्ण चुकला तरी काम करतील अशा स्वतंत्र असाव्यात. माणसासोबत काम करणाऱ्या यंत्रांसाठी २०१६ मध्ये आलेले आयएसओचे टीएस १५०६६ हे मार्गदर्शक याच दृष्टीने वाचावे.

एकूण विलंब गृहीत न धरता मोजावा. एका मोबाईलवर सेकंदाचे शतांश दाखवणारे घड्याळ चालू करून ते आपल्या कॅमेऱ्यासमोर धरावे, संगणकाच्या पडद्यावर उमटणारे त्याचे चित्र आणि मूळ घड्याळ दोन्ही दिसतील असा फोटो काढावा. दोहोंतला फरक म्हणजे चित्र पोहोचण्याचा विलंब. त्यात हात ओळखण्याचा, निर्णय मोटारीपर्यंत पोहोचण्याचा आणि यंत्र थांबण्याचा वेळ मिळवला, की किती पुढचा अंदाज हवा ते ठरते.

पहिले काही दिवस यंत्राचा हात जोडूच नये. केवळ पडद्यावर अंदाजाचा पसारा काढावा आणि खरा हात त्यात राहतो की बाहेर जातो ते मोजत बसावे. १०० पैकी ९५ वेळा हात आत असेल असे प्रारूप म्हणत असेल आणि प्रत्यक्षात ८० वेळाच तो आत राहत असेल, तर पसारा वाढवावा आणि पुन्हा मोजावे. पुढचा वेचा आला की नोंदी नव्याने घ्याव्यात, कारण तोवर पऱ्हाटीची पाने गळलेली असतात, उरलेली बोंडे लहान असतात, आणि दिवाळीआधी शिकवलेल्या यंत्राला संक्रांतीचा हात अनोळखी वाटतो.